चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘चक्कर आली’ हे दोन शब्द आपण रोज कुठे ना कुठे ऐकतो. उपास घडला, चक्कर आली. उन्हातून चालत आलो, चक्कर आली. विजेचं बिल बघितलं, तरी चक्कर आली! शब्द एकच, पण त्याच्या पोटात तीन-चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. मी कवितेचा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचं. वैद्यकाशी माझा संबंध औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानात जाण्यापुरता. पण शब्दांशी रोजची उठबस असल्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. या दुखण्यात रुग्ण कोणता शब्द वापरतो आणि त्याच्यापुढे आणखी काय सांगतो, यावर निम्मं निदान अवलंबून असतं. त्याविषयी जाणकार डॉक्टरांना विचारून, समजून घेऊन जे हाती लागलं, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

या बाबतीत आपली मराठी मुळीच गरीब नाही. बसल्या जागेवरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे काळोख येतो, त्याला आपण ‘अंधारी येणं’ म्हणतो. तिथे बहुधा रक्तदाब क्षणभर खाली आलेला असतो. शुद्ध हरपायला लागली की ‘घेरी’ येते. चालताना पाय एका बाजूला ओढले जातात, डोकं मात्र जागेवर असतं, तेव्हा ‘झोक जातो’. आणि चौथी गोष्ट म्हणजे ‘गरगरणं’. माणूस स्थिर असतो आणि घर, छप्पर, भिंती फिरू लागतात. आमच्या कोडोलीकडची जुनी माणसं ‘भवंड आली’ म्हणतात. लहानपणी फुगडी खेळून थांबल्यावर जे होतं तेच, फक्त फुगडी न खेळता. डॉक्टर ज्याला व्हर्टिगो म्हणतात तो हा चौथा प्रकार. हिचकॉकच्या १९५८ सालच्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटामुळे पुष्कळांना व्हर्टिगो म्हणजे उंचीची भीती असं वाटतं. तसं ते नाही.

या गरगरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण मेंदूत नसतं, पोटातल्या पित्तात नसतं आणि बहुतेक वेळा मानेच्या मणक्यातही नसतं. ते कानात असतं. त्या आजाराचं नाव मोठं लांबलचक आहे : बिनाइन पॅरॉक्सिझमल पोझिशनल व्हर्टिगो. डॉक्टर मंडळी त्याचं बीपीपीव्ही करतात. नाव भयंकर वाटलं तरी शब्द सुटे केले की आजार समजतो. बिनाइन म्हणजे जिवाला धोका नसलेला. पॅरॉक्सिझमल म्हणजे अचानक झटक्यासारखा येणारा. पोझिशनल म्हणजे डोक्याची स्थिती बदलल्यावर होणारा. आणि व्हर्टिगो म्हणजे गरगरणं.

आमच्या घरातलंच उदाहरण सांगतो. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आपा म्हणतो, साठी ओलांडलेली. एका पहाटे तिनं अंथरुणात उजवी कूस घेतली आणि घराचं आढं गरगर फिरायला लागलं. तिनं उशी घट्ट धरून ठेवली. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं, पण मळमळ राहिली. उठून बसताना पुन्हा तेच. त्या दिवसापासून तिच्यामागे औषधांची रांग लागली. एकांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. दुसऱ्यांनी मानेचा एक्स-रे काढून मणक्यात गॅप असल्याचं सांगितलं आणि मानेला पट्टा दिला. चक्करच्या गोळ्या तर दिवसातून तीनदा चालू होत्या. शेजारणींनी दृष्ट काढली. तीन महिन्यांत चक्कर गेली नाही, पण आपाचं जगणं मात्र आक्रसत गेलं. ती उशांना टेकून बसल्या बसल्या झोपू लागली. सजद्यात डोकं टेकवलं की फिरायचं, म्हणून नमाज खुर्चीवर आली. फडताळातला वरचा डबा काढणं बंद झालं. रात्री उठायची वेळ आली तर कुणीतरी हात धरावा लागे. ‘मी पडले तर खुबा मोडेल आणि तुमच्या गळ्यात पडेन,’ एवढंच ती म्हणायची.

शेवटी कोल्हापुरात कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांकडे नेलं. आपानं ‘चक्कर येते’ असं सांगितल्यावर त्यांनी गोळी लिहिली नाही, प्रश्न विचारले. तुम्ही फिरता की घर फिरतं? ती म्हणाली, ‘मी न्हाई हो, घर फिरतंय.’ किती वेळ? ‘शंभर मोजायच्या आत थांबतंय.’ कशानं येते? ‘उजव्या कुशीला वळलं की.’ ऐकायला कमी येतं का, कानात आवाज येतो का? ‘न्हाई.’ एवढ्यावर त्यांना अंदाज आला होता. मग त्यांनी तिला तपासणीच्या टेबलावर झोपवून खात्री करून घेतली. त्यानंतर काय केलं ते सांगण्याआधी कानाच्या आत काय असतं ते बघू.

कान ऐकण्यासाठी असतो, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. पण आतल्या कानाचा एक भाग ऐकण्याचं काम करतच नाही, तो तोल सांभाळतो. गवंडी भिंत बांधताना दोन साधनं जवळ ठेवतो. एक ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, जे सरळ खाली काय ते सांगतं. दुसरी पाणसळ, म्हणजे काचेच्या नळीतल्या द्रवावर चालणारं साधन. आपल्या कानातही ढोबळमानानं अशीच दोन साधनं आहेत. ओळंब्याचं काम एका छोट्या पिशवीत होतं, तिला युट्रिकल म्हणतात. तिच्यात चिकट पडद्यावर अतिशय बारीक खडे बसवलेले असतात. हे खडे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडू आणि चुनखडी ज्या पदार्थाची बनते त्याचेच. आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. त्यांच्या वजनामुळे आपल्याला खाली कोणतं, वर कोणतं हे डोळे मिटूनही कळतं.

दुसरं साधन म्हणजे तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. त्या एकमेकींशी जवळजवळ काटकोन करून बसवलेल्या असतात आणि त्यांच्यात द्रव भरलेला असतो. पाणसळ पातळी दाखवते, या नळ्या मात्र डोकं फिरल्याची खबर देतात. डोकं वळलं की आतला द्रव मागे रेंगाळतो, नळीच्या तोंडाशी असलेला मऊ पडदा वाकतो आणि मेंदूला निरोप जातो, ‘डोकं फिरतंय.’ त्याच निरोपावर मेंदू डोळ्यांना उलट्या दिशेला वळवतो. म्हणून मान हलली तरी समोरचं चित्र स्थिर राहतं. एसटीत हिसके बसत असताना आपण खिडकीतून पाटी वाचू शकतो, ते यामुळे.

आता ओळंब्याच्या पिशवीतले काही खडे सुटले आणि घरंगळत नळीत गेले तर? बहुतेकदा ते मागच्या बाजूच्या नळीत जातात, कारण ती सर्वांत खाली असते. माणूस ताठ बसलेला असतो तेव्हा खडे नळीच्या तळाशी गप्प पडून असतात, म्हणून काही होत नाही. कूस बदलली, मान वर केली, खाली वाकलं की ते घसरू लागतात. घसरताना नळीतला द्रव ओढतात. पडदा वाकतो आणि डोकं थांबलेलं असतानाही मेंदूला निरोप जातो, की डोकं फिरतंय. दुसरा कान सांगतो, फिरत नाही. एक कान खरा, एक खोटा, आणि मेंदू मध्ये सापडतो. तो डोळ्यांना झटके देत फिरवू लागतो आणि आपल्याला घर फिरताना दिसतं. पाण्याच्या बाटलीत वाळू टाकून बाटली आडवी केली, तर वाळू काही वेळानं खाली बसते. तसे खडे बसले की गरगरणं थांबतं. म्हणून ही चक्कर सेकंदांची असते, मिनिटाच्या आत संपते आणि डोकं पुन्हा हललं की पुन्हा येते.

हे खडे का सुटतात? पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही. वय वाढलं की ते सैल होतात, म्हणून पन्नाशीनंतर हा आजार जास्त दिसतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार बसला, दुखण्यात बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहावं लागलं, आतल्या कानाचा दाह होऊन गेला, तरी तो होऊ शकतो. हाडं ठिसूळ झालेल्यांत आणि ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांतही त्याचं प्रमाण जास्त आढळतं.

या एवढ्याशा खड्यांचा शोध लागायला जवळजवळ सगळं विसावं शतक लागलं. रॉबर्ट बारानी हे व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर. रुग्णांचे कान पाण्यानं धुताना त्यांच्या लक्षात आलं, की पाणी फार थंड किंवा फार गरम असलं तर रुग्णाला गरगरतं आणि त्याचे डोळे झटके देत फिरतात. तोल आणि कान यांचं नातं उलगडल्याबद्दल त्यांना १९१४ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. ते जाहीर झालं तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं आणि बारानी रशियात युद्धकैदी होते! पुढे १९२१ मध्ये त्यांनी डोक्याच्या ठरावीक स्थितीत येणाऱ्या या चक्करेचं वर्णन केलं. १९५२ मध्ये लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाईक यांनी ती ओळखण्याची सोपी तपासणी सांगितली. आजही जगभर तीच केली जाते.

उपाय मात्र सापडायचा होता. अमेरिकेत पोर्टलंड या गावी जॉन एप्ली नावाचे कानाचे डॉक्टर होते. त्यांनी नळ्यांची प्रतिकृती करून विचार केला, की खडे जर घरंगळत आत गेले असतील, तर डोकं योग्य क्रमानं वळवून ते घरंगळत बाहेरही काढता येतील. १९८० च्या सुमारास त्यांनी ही गोष्ट व्यवसायबंधूंपुढे मांडली, तेव्हा बऱ्याच जणांनी ती हसण्यावारी नेली. नुसतं डोकं फिरवून चक्कर बरी होते, यावर कोण विश्वास ठेवणार? त्यांचा निबंध छापून यायला १९९२ साल उजाडलं. त्याच वर्षी कॅनडातल्या पार्न्स आणि मॅक्ल्युअर या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या वेळी नळीत मोकळे फिरणारे कण प्रत्यक्ष पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. २०१९ मध्ये एप्ली वारले, तोवर त्यांची पद्धत पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली होती.

आपाला त्या दिवशी नेमकं हेच केलं गेलं. आधी डिक्स-हॉलपाईक तपासणी. तिला टेबलावर पाय लांब करून बसवलं, मान उजवीकडे अर्धी वळवली आणि झटकन मागे झोपवलं. डोकं टेबलाच्या कडेबाहेर थोडं खाली. डोळे उघडे ठेवायला सांगितले. दोन-चार सेकंद काही नाही, मग गरगरायला लागलं आणि तिची बुबुळं झटके देत वळताना आम्हालाही दिसली. ज्या बाजूला हे घडतं, त्या बाजूचा कान दोषी. इथे स्कॅनचं काम नाही, रक्ताच्या तपासणीचंही नाही. ठरावीक लक्षणं असलेल्या रुग्णाला निष्कारण स्कॅन करू नये, असं २०१७ सालच्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

मग एप्लीची क्रिया. त्याच स्थितीत अर्धं-एक मिनिट थांबायचं. मग डोकं सावकाश डाव्या बाजूला वळवायचं, पुन्हा थांबायचं. मग सगळं अंग डाव्या कुशीवर घेऊन तोंड जमिनीकडे करायचं, पुन्हा थांबायचं. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून डाव्या बाजूनं उठून बसायचं. डावा कान दोषी असेल तर सगळं उलट. प्रत्येक वळणावर खडे नळीत थोडे पुढे सरकतात आणि शेवटी जिथून आले त्या पिशवीत जाऊन पडतात. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. एक-दोन वेळा ही क्रिया केली की दहातल्या सुमारे आठ जणांची चक्कर थांबते. आपाची थांबली. दोन दिवस तिला पायाखाली कापूस असल्यासारखं वाटत राहिलं, तेही नेहमीचंच असतं. नंतर बसून झोपण्याची, मान ताठ ठेवण्याची गरज नसते.

हे ऐकून कुणी आज रात्रीच पलंगावर स्वतःवर प्रयोग करू नये. कोणता कान, कोणती नळी हे आधी ठरावं लागतं. खडे आडव्या नळीत गेले असतील तर क्रिया वेगळी असते. ज्यांच्या मानेचं दुखणं खरोखरच गंभीर आहे, डोळ्यांचा पडदा सुटलेला आहे, त्यांना ही क्रिया जपून किंवा वेगळ्या तऱ्हेनं करावी लागते. पहिली वेळ डॉक्टरांच्या हातून व्हावी. पुढे त्यांनी शिकवली तर घरी करता येते. ते उपयोगीही पडतं, कारण खडे पुन्हा सुटू शकतात. पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांना हा त्रास पुन्हा होतो, आणि पुन्हा तीच क्रिया लागू पडते.

मग गोळ्यांचं काय? प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, बीटाहिस्टीन ही नावं अनेकांच्या घरातल्या औषधांच्या डब्यात सापडतील. पहिल्या दोन गोळ्या मळमळ आणि गरगरणं तात्पुरतं दाबतात. तिसरी कानाच्या दुसऱ्या काही आजारांत दिली जाते. पण नळीत गेलेला खडा गोळीनं बाहेर येत नाही. उलट पहिल्या दोन गोळ्या महिनोन् महिने चालू राहिल्या, तर म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, तोल आणखी जातो, आणि काहींना कंपवातासारखी लक्षणंही होतात. तुमची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनानं बंद करू नका, पण ‘ही मी किती दिवस घ्यायची आणि कशासाठी?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. हा आजार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुष्कळदा आपोआपही बरा होतो. त्यामुळे त्या वेळी जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. सलाईन असो, पट्टा असो, ताईत असो की गोळी असो, ‘ह्याचा गुण आला’ असं आपण म्हणतो आणि पुढच्या माणसाला तेच सांगतो. पण त्या मधल्या महिन्यांत म्हातारं माणूस न्हाणीघरात पडलं, खुबा मोडला, तर जिवाला धोका नसलेला आजार त्या घरापुरता जीवघेणा ठरतो. म्हणून आपोआप बरं होण्याची वाट बघत बसू नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक गरगरणं कानातल्या खड्यांचं नसतं. इथे घड्याळ उपयोगी पडतं. सेकंदांची चक्कर बहुधा खड्यांची. तासांची चक्कर, सोबत कानात आवाज आणि कमी ऐकू येणं, असं असेल तर मेनिएर नावाचा आजार असू शकतो. रात्रंदिवस न थांबणारी चक्कर कानाच्या नसेच्या दाहामुळे येते, आणि कधीकधी मेंदूच्या झटक्यामुळेही. म्हणून चक्करेबरोबर जीभ जड झाली, एकाची दोन दिसू लागली, तोंड वाकडं झालं, हातापायातली शक्ती गेली, आधाराशिवाय उभंच राहता येईना, डोकं कधी नव्हे असं दुखू लागलं किंवा एका कानानं अचानक ऐकू येईना, तर सकाळची वाट बघू नका. १०८ नंबर फिरवा आणि मोठ्या रुग्णालयात पोचा. तिथे वेळेलाच किंमत असते.

चक्कर बरी होईपर्यंत घरात थोडी काळजी घ्यावी. अंथरुणातून एकदम उठू नये, आधी कडेला मिनिटभर बसावं. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा असावा. न्हाणीघरात पाणी साचू देऊ नये, भिंतीला धरायला दांडा बसवावा. माळ्यावरचं, फडताळातलं सामान दुसऱ्यानं काढावं. शिडीवर, झाडावर, विहिरीच्या काठावर जाऊ नये. गाडी चालवू नये. मात्र भीतीनं मान आखडून दिवसभर पडूनही राहू नये. हिंडतं-फिरतं राहिलं की तोल लवकर सावरतो.

कोडोलीसारख्या गावातून कोल्हापूर दूर नाही. सीपीआर या सरकारी रुग्णालयातही कान-नाक-घशाचा विभाग आहे. पण डॉक्टर कुठलेही असोत, त्यांच्यापुढे बसल्यावर नुसतं ‘चक्कर येते’ म्हणून गप्प बसू नका. पाच गोष्टी सांगा. अंधारी येते, झोक जातो की घर फिरतं? किती वेळ फिरतं? काय केल्यावर फिरतं, आणि कोणत्या कुशीला? ऐकण्यात काही फरक पडलाय का? आणि आतापर्यंत कोणत्या गोळ्या, किती दिवस घेतल्या? जमलं तर घरच्या माणसानं त्या वेळी डोळ्यांचं मोबाइलवर चित्रण करून ठेवावं, डॉक्टरांना ते फार उपयोगी पडतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हे नीट सांगता येत नसेल, तर त्याच्याजवळ बसून एक-एक प्रश्न विचारून त्याची उत्तरं कागदावर लिहून न्या. त्या कागदामुळे औषधांचे तीन महिने वाचू शकतात, आणि एखादा खुबाही.